डॉ. फ्रॉइड यांची मुकी सोबत

डॉ. सिग्मंड फ्रॉइड यांचे नाव घेतले की स्वप्ने, अबोध मन आणि रुग्णाला पडून बोलण्यासाठी ठेवलेला तो प्रसिद्ध कोच आठवतो. त्या खोलीत अनेक वर्षे एक कुत्रीही बसलेली असे, हे मात्र फारसे कोणाला ठाऊक नसते. वयाच्या जवळजवळ सत्तरीपर्यंत फ्रॉइड यांनी कुत्र्यांत विशेष रस घेतला नव्हता. शेवटच्या चौदा वर्षांत मात्र कुत्र्यांशिवाय त्यांचा दिवस जात नसे. तोंडाच्या कर्करोगाशी त्यांनी दिलेली सोळा वर्षांची झुंज आणि ही चौदा वर्षे एकमेकांत मिसळलेली आहेत. कुठल्या जातीचा कुत्रा चांगला, हा प्रश्न सगळेच विचारतात. कोणासाठी चांगला, हा त्याचा अर्धा भाग राहून जातो. फ्रॉइड यांच्या आयुष्यात तो अर्धा भाग स्पष्ट दिसतो.

फ्रॉइड यांचा जन्म ६ मे १८५६ रोजी मोराव्हियातील फ्रायबर्ग या छोट्या गावी झाला. आज हे गाव चेक प्रजासत्ताकात आहे. ते चार वर्षांचे असताना कुटुंब व्हिएन्नात आले आणि पुढची अठ्ठ्याहत्तर वर्षे तेच त्यांचे शहर राहिले. १८८१ मध्ये ते डॉक्टर झाले. आधी त्यांनी प्रयोगशाळेत प्राण्यांच्या मज्जासंस्थेचा अभ्यास केला, मग मेंदू व मज्जातंतूंच्या विकारांवर उपचार सुरू केले. १८८६ मध्ये त्यांचा मार्था बर्नेस यांच्याशी विवाह झाला. त्यांना सहा मुले झाली. १८९१ पासून हे कुटुंब बेर्गगासे या रस्त्यावरील १९ क्रमांकाच्या इमारतीत राहू लागले. दवाखानाही तिथेच होता.

एक सवय मात्र त्यांना तरुणपणीच जडली होती, ती सिगारची. दिवसाला वीसपर्यंत सिगार ते ओढत. चाळिशी गाठण्याआधीच त्यांच्या हृदयाचे ठोके अनियमित पडू लागले, तेव्हा डॉक्टर मित्राने सिगार सोडायला बजावले. फ्रॉइड यांनी काही आठवडे सोडली आणि पुन्हा धरली. माणसाच्या मनातले गुंते उलगडणाऱ्या या डॉक्टरांना स्वतःचे हे व्यसन शेवटपर्यंत सुटले नाही.

१९२० मध्ये त्यांची मुलगी सोफी इन्फ्लुएंझाच्या साथीत गेली. तिचा धाकटा मुलगा हाइनेले हा आजोबांचा अतिशय लाडका. जून १९२३ मध्ये तोही क्षयाने दगावला. तो साडेचार वर्षांचा होता. त्याच वर्षाच्या सुरुवातीला फ्रॉइड यांना स्वतःच्या तोंडात, उजव्या बाजूला टाळूवर एक चट्टा वाढलेला दिसला होता. एप्रिलमध्ये एका नाक-कान-घसा तज्ज्ञाने बाह्यरुग्ण विभागातच तो कापून काढला. अपेक्षेपेक्षा खूप रक्तस्राव झाला आणि त्यांना रात्री रुग्णालयात ठेवावे लागले. तपासणीत कर्करोग निघाला, पण आसपासच्या डॉक्टरांनी तो त्यांच्यापासून लपवला. तंबाखूमुळे आलेला साधा पांढरा चट्टा आहे, असे त्यांना सांगण्यात आले. काही महिन्यांनी खरे कळले तेव्हा त्यांना दुःख झाले ते आजारापेक्षा या लपवाछपवीचे.

ऑक्टोबर १९२३ मध्ये डॉ. हान्स पिखलर या निष्णात शल्यचिकित्सकांनी मोठी शस्त्रक्रिया केली. उजव्या बाजूचा वरच्या जबड्याचा आणि टाळूचा बराच भाग काढावा लागला. टाळू गेली की तोंड आणि नाक यांच्यामधला पडदाच जातो. अन्न नाकात येते आणि आवाज नाकातून निघतो. ते भोक बंद करण्यासाठी कवळीसारखा मोठा कृत्रिम टाळू बसवावा लागला. तो सैल असला तर बोलणे कळत नसे, घट्ट असला तर जखमा होत. उजव्या कानाने ऐकू येणेही जवळजवळ बंद झाले. बोलणे आणि ऐकणे हीच ज्यांची औषधपेटी, अशा डॉक्टरांवर हा घाला होता. पुढच्या सोळा वर्षांत त्यांच्यावर तीसहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या. चारचौघांत जेवणे त्यांनी टाळले, सभा-समारंभ सोडले. बोलणे हे कष्टाचे काम झाले.

या काळात घरात पहिला कुत्रा आला. धाकटी मुलगी आना संध्याकाळी एकटी फिरायला जाई. तिच्या सोबतीला म्हणून १९२५ मध्ये वुल्फ नावाचा अल्सेशियन आणला गेला. अल्सेशियन म्हणजेच जर्मन शेफर्ड. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जर्मनीत मेंढ्या राखणाऱ्या कुत्र्यांतून ही जात घडवली गेली. कळपाकडे दिवसभर लक्ष ठेवणे, धन्याचा इशारा ओळखणे आणि परक्याला अडवणे ही तिची कामे. असा कुत्रा रिकामा बसू शकत नाही, त्याला रोज भरपूर चालणे आणि काहीतरी काम लागते. तरुण आना हे देऊ शकत होती, म्हणून वुल्फची निवड तिच्यासाठी अचूक होती. घरात त्याच्याबद्दल एक गोष्ट सांगितली जाई. प्राटर या मोठ्या उद्यानात सैनिकांच्या गोळीबाराच्या सरावाला घाबरून वुल्फ पळाला. शोधून थकलेली आना घरी परतली, तर वुल्फ तिच्याआधी हजर. तो एका टॅक्सीत जाऊन बसला होता आणि चालकाने पट्ट्यावरचा पत्ता वाचून त्याला घरी पोहोचवले होते. फ्रॉइड यांच्या वाढदिवसाला आना कविता लिहून वुल्फच्या गळ्यात अडकवी आणि तो ती त्यांच्याकडे नेई. त्या कवितेसाठी आणि कुत्र्यासाठी म्हातारे गृहस्थ खुलत.

वुल्फचा लळा लागला, तरी तो आनाचा होता. फ्रॉइड यांचा स्वतःचा पहिला कुत्रा १९२८ मध्ये आला. आनाची अमेरिकन मैत्रीण डोरोथी बर्लिंगहॅम यांनी त्यांना चाऊ-चाऊ जातीची कुत्री भेट दिली. तिचे नाव ल्यून-युग. चाऊ-चाऊ ही चीनमधील फार जुनी जात. २००४ मध्ये ८५ जातींच्या जनुकांचा अभ्यास झाला, त्यातही ती सर्वांत जुन्या जातींच्या गटात दिसली. मानेभोवती सिंहासारखी दाट आयाळ, निळी-काळी जीभ, मागचे पाय सरळ असल्याने आखडलेली चाल. स्वभावाने मांजराच्या जवळचा म्हणावा असा हा कुत्रा आहे. तो भुंकतो कमी, अंग स्वच्छ ठेवतो आणि सगळ्यांच्या अंगाखांद्यावर उड्या मारत नाही. घरातल्या एकदोघांना धरतो आणि परक्यांना लांब ठेवतो. वुल्फसारखी तासन् तास धावपळ त्याला लागत नाही.

ही सोबत जेमतेम सव्वा वर्ष टिकली. ऑगस्ट १९२९ मध्ये एक परिचित बाई तिला सुट्टीच्या ठिकाणाहून व्हिएन्नाला परत नेत होत्या. साल्झबुर्ग स्थानकावर ती साखळी तोडून निसटली आणि काही दिवसांनी रुळांवर मृतावस्थेत सापडली. हा घाव फ्रॉइड यांना फार लागला. लगेच दुसरा कुत्रा आणायला ते तयार नव्हते. पाळलेला प्राणी गेल्यावर माणसे रडतात आणि त्याबद्दल ओशाळतातही. शोकाचा शास्त्रीय विचार मांडणाऱ्या या माणसाने आपला शोक झाकला नाही आणि त्याला हवा तेवढा वेळ दिला.

याच वर्षी डॉ. माक्स शुर त्यांचे नेहमीचे डॉक्टर झाले. पहिल्याच भेटीत फ्रॉइड यांनी त्यांच्याकडून दोन गोष्टी कबूल करून घेतल्या. काहीही असो, खोटे सांगायचे नाही, आणि वेळ आली की विनाकारण यातना भोगायला लावायच्या नाहीत. पूर्वीची लपवाछपवी त्यांच्या मनातून गेलेली नव्हती.

मार्च १९३० मध्ये ल्यून-युगचीच बहीण योफी घरात आली. योफी या हिब्रू शब्दाचा अर्थ सौंदर्य. पुढची सात वर्षे ती त्यांच्यापासून क्वचितच दूर राहिली. रुग्ण कोचावर पडून बोलत असत आणि योफी खोलीत निवांत पडून राही. ठरलेला वेळ संपत आला की ती उठून आळस देई, त्यामुळे फ्रॉइड यांना घड्याळाकडे पाहावे लागत नसे, असे त्यांचे मुलगे मार्टिन यांनी आठवणींत नोंदवले आहे. यात चमत्कार नाही. रोज ठरावीक अंतराने होणारी गोष्ट कुत्रे नेमकी ओळखतात. रुग्णाच्या आवाजातला शेवटाचा सूर, धन्याची किंचित हालचाल त्यांना पुरते. अमेरिकन कवयित्री हिल्डा डूलिटल १९३३ मध्ये उपचारांसाठी आल्या, तेव्हा ही कुत्री परक्यांना फटकन चावते, असे फ्रॉइड यांनी त्यांना बजावले. त्या तरीही खाली वाकल्या आणि योफीने त्यांच्या हातात नाक खुपसले. जातीचा स्वभाव म्हणजे शिक्का नव्हे, हे त्या खोलीतही दिसून आले.

आजचे विज्ञानही हेच सांगते. अमेरिकेतील अठरा हजारांहून अधिक कुत्र्यांच्या वागणुकीची माहिती आणि त्यांतील दोन हजारांहून अधिक कुत्र्यांची जनुके तपासणारा अभ्यास २०२२ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. दोन कुत्र्यांच्या वागण्यात जो फरक दिसतो, त्यातला सुमारे ९ टक्केच फरक जातीवरून समजावता येतो, असे त्यात आढळले. आज्ञा चटकन पाळणे, वस्तू तोंडात धरून आणणे अशा काही गोष्टींत जातीचा वाटा जास्त दिसतो. प्रेमळपणा किंवा चिडकेपणा यांचे भाकीत नुसत्या जातीवरून करता येत नाही. उंची, वजन, केस, किती व्यायाम लागेल आणि कोणते आजार होण्याची शक्यता आहे, हे मात्र जात बऱ्यापैकी सांगते. म्हणजे जात पाहायची ती आपल्या घराला, हवेला आणि ताकदीला पेलेल का हे ठरवण्यासाठी. बाकीचे घडते ते पिल्लाच्या पहिल्या काही महिन्यांत त्याला मिळालेल्या वागणुकीतून आणि नंतरच्या सहवासातून.

फ्रॉइड यांना कुत्र्यात नेमके काय भावले, हे त्यांच्या पत्रांतून कळते. माणसाच्या प्रेमात नेहमी थोडा राग, थोडा हेवा मिसळलेला असतो, हा त्यांच्या शास्त्रातला एक मुख्य विचार. कुत्र्याचे प्रेम त्यांना या मिसळीपासून मुक्त वाटे. त्याला आवडते ते आवडते, नाही ते नाही. शिवाय योफीला शब्दांची गरज नव्हती. ज्यांचा जबडा प्रत्येक वाक्याला दुखत होता, त्यांना न बोलता लाभणारी ही सोबत होती. २०१५ मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी दाखवले की, कुत्रा आणि मालक एकमेकांच्या डोळ्यांत पाहतात तेव्हा दोघांच्याही शरीरात ऑक्सिटोसिन हे संप्रेरक वाढते. आई आणि तान्हे बाळ यांच्यातला जिव्हाळा घट्ट करणारे हेच संप्रेरक. फ्रॉइड यांच्या काळी हे माहीत नव्हते. १९६० च्या दशकात न्यूयॉर्कचे बालमानसतज्ज्ञ बोरिस लेव्हिन्सन यांनी आपल्या जिंगल्स या कुत्र्याच्या उपस्थितीत अबोल मुले बोलू लागतात, हे लिहून मांडले. आज अनेक देशांत रुग्णालयांत प्रशिक्षित कुत्री नेली जातात, त्या वाटेवरचे ते एक महत्त्वाचे पाऊल.

कुत्राही आजारी पडतो. फ्रॉइड यांच्या शिष्या आणि मैत्रीण मारी बोनापार्त यांच्याकडे टॉप्सी नावाची चाऊ होती. तिला तोंडातच, उजव्या ओठाखाली, कर्करोगाची गाठ झाली. पॅरिसच्या क्युरी संस्थेत तिच्यावर किरणोपचार झाले आणि ती बरी झाली. मारी यांनी तिच्यावर लहानसे पुस्तक लिहिले. स्वतःच्या उजव्या जबड्यातला कर्करोग सोसणाऱ्या फ्रॉइड यांनी ते किती आपुलकीने वाचले असेल, याची कल्पना करता येते.

जानेवारी १९३७ मध्ये योफीच्या अंडाशयातील दोन मोठ्या गाठी काढण्यात आल्या. शस्त्रक्रिया नीट झाली असे वाटले, पण तिसऱ्या दिवशी तिचे हृदय अचानक बंद पडले. आज सोनोग्राफीने अशा गाठी लवकर कळतात, भूलही अधिक सुरक्षित झाली आहे. पिल्ले नको असतील तर मादीची नसबंदी वेळेत केल्याने अंडाशयाचे विकार आणि गर्भाशयातील पू होण्याचा धोका टळतो. ऐंशी वर्षांच्या फ्रॉइड यांना रिकामी खोली सहन झाली नाही. योफीशी पटत नसल्याने बर्लिंगहॅम यांच्याकडे दिलेली ल्यून नावाची दुसरी चाऊ त्यांनी दुसऱ्याच दिवशी परत आणली. पहिल्या वेळी त्यांनी महिनोन् महिने वाट पाहिली होती, या वेळी एक दिवसही नाही. दुसरा कुत्रा कधी आणावा याचा एकच नियम नसतो.

मार्च १९३८ मध्ये नाझी जर्मनीने ऑस्ट्रिया गिळंकृत केला. फ्रॉइड ज्यू होते. नाझींच्या गुप्त पोलिसांनी घराची झडती घेतली आणि आनाला दिवसभर चौकशीसाठी नेले. परवान्यांची वाट पाहण्याच्या त्या भयाण आठवड्यांत बाप-लेकीने एक काम हाती घेतले. टॉप्सीवरच्या पुस्तकाचे फ्रेंचमधून जर्मनमध्ये भाषांतर. ४ जून रोजी फ्रॉइड, मार्था, आना आणि ल्यून रेल्वेने व्हिएन्नातून निघाले. मागे राहिलेल्या त्यांच्या चार वृद्ध बहिणी पुढे छळछावण्यांत मारल्या गेल्या.

रेबीजचा शिरकाव होऊ नये म्हणून ब्रिटनमध्ये बाहेरून आलेल्या प्रत्येक कुत्र्याला तेव्हा सहा महिने क्वारंटाइनमध्ये ठेवत. ल्यूनलाही पश्चिम लंडनमधील अशाच जागी ठेवण्यात आले. ८२ वर्षांचे आजारी फ्रॉइड लंडनमध्ये पोहोचल्यावर काही दिवसांतच तिला भेटायला गेले. मधल्या काळात घर सुने वाटू नये म्हणून जंबो नावाचा छोटा पेकिनीज आणला गेला. डिसेंबर १९३८ मध्ये ल्यून हॅम्पस्टेडमधल्या नव्या घरी आली.

१९३९ च्या सुरुवातीला कर्करोग पुन्हा उलटला आणि तो आता शस्त्रक्रियेपलीकडे गेला होता. क्युरी संस्थेतील तज्ज्ञ तपासायला आले, किरणोपचार झाले. पण टॉप्सीला मिळाले ते यश इथे मिळाले नाही. उन्हाळ्यात जबड्यातील पेशी कुजू लागल्या, गालाला भोक पडले. अशा जखमेत प्राणवायूविना वाढणारे जंतू तीव्र दुर्गंधी निर्माण करतात. माश्या येऊ नयेत म्हणून पलंगाला मच्छरदाणी लावावी लागली. कुत्र्याचे नाक माणसापेक्षा कित्येक पटींनी तीक्ष्ण. ल्यूनला खोलीत आणले की ती दूरच्या कोपऱ्यात जाऊन बसे, कितीही बोलावले तरी जवळ येत नसे. फ्रॉइड तिच्याकडे खिन्नपणे पाहत राहात, हे डॉ. शुर यांनी नोंदवून ठेवले आहे. ती का येत नाही हे त्यांना पूर्ण कळत होते. त्यांनी तिला दोष दिला नाही. ज्या खरेपणासाठी त्यांना कुत्रे आवडत, त्याच खरेपणाने ती लांब बसली होती. शुर यांनी दिलेला शब्द पाळला आणि वेदना थांबवण्यासाठी मॉर्फिन दिले. २३ सप्टेंबर १९३९ रोजी फ्रॉइड यांचे निधन झाले.

आज अशा जखमेवर मेट्रोनिडॅझोलसारखी औषधे वापरून दुर्गंधी बरीच कमी करता येते आणि घरची माणसे व लाडका प्राणी रुग्णाजवळ बसू शकतात. अंतिम टप्प्यातल्या रुग्णासाठी ही लहान गोष्ट नाही. घरातला कुत्रा रुग्णाला टाळू लागला तर त्यात अशुभ किंवा कृतघ्नपणा शोधू नये, जखमेचा वास हे त्याचे कारण असू शकते आणि ते डॉक्टरांना सांगावे.

तंबाखू खाणाऱ्या किंवा ओढणाऱ्या कोणाच्याही तोंडात पांढरा वा लाल चट्टा, न दुखणारी जखम किंवा गाठ दोन आठवड्यांहून अधिक टिकली, तर ती लगेच दाखवावी. महाराष्ट्रात घरोघरी मळला जाणारा तंबाखू आणि गुटखा यांमुळे हा आजार आपल्याला परका नाही. सुरुवातीला सापडला तर जबडा आणि आवाज दोन्ही वाचतात.

आणि कुत्रा निवडताना प्रश्न उलटा करावा. दिवसभर कोण घरी असते, रोज किती चालणे होईल, घरात म्हातारे किंवा लहान मूल आहे का, उन्हाळा किती कडक असतो? चाऊ व्हिएन्नाच्या थंडीत सुखी होता. नागपूर-अकोल्याच्या उन्हात त्याची दाट लव त्याला उष्माघातापर्यंत नेईल. त्याच्या पापण्या आत वळून डोळ्यांना त्रासही होतो. पेकिनीज आणि पग यांची चपटी नाके श्वासाला अपुरी पडतात. जर्मन शेफर्डला मोकळी जागा हवी आणि त्याच्या खुब्याच्या सांध्यांची तपासणी हवी. आपल्या दख्खनचा कारवानी उन्हाला सरावलेला, पण तो शिकारी, त्याला धावायला रान लागते. गल्लीतले देशी पिल्लू आपल्या हवेत उत्तम टिकते, लसीकरण करून घरी आणले तर तितकेच जीव लावते. धावणाऱ्या आनाला वुल्फ हवा होता आणि बोलून थकलेल्या तिच्या वडिलांना योफी. एकाच घरात दोन माणसांना दोन वेगळे कुत्रे योग्य ठरले.